गव्हाणीतल्या कुत्र्याची बाजू

इसापाच्या नावावर सांगितली जाणारी गव्हाणीतल्या कुत्र्याची गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. कुत्रा गवत खात नाही. पण गव्हाणीत अंग टाकून पडलेला असताना बैल जवळ आला, की गुरगुरतो. स्वतः खाईना आणि दुसऱ्याला खाऊ देईना, हा ठपका त्याच्यावर तेव्हापासून आहे. गोष्ट रचणाऱ्याचे निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष मात्र त्याने माणसांवरून काढला. कुत्रा गवत राखत नव्हताच. तो राखत होता ती मऊ, कोरडी आणि उबदार जागा. बैलाला हवे होते वैरण, कुत्र्याला हवी होती निजण्याची सोय, आणि दोघांच्या गरजा एकाच चौकटीत येऊन पडल्या होत्या. दोघांपैकी कोणीही दुष्ट नव्हते.

ही गोष्ट आजही ज्या अंगणांत घडते, त्यांतील काही अंगणे मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, नागपूर जिल्ह्याच्या सीमेवर आहेत. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. राज्य हिंदीभाषक असले तरी या पट्ट्यातील असंख्य घरांत मराठी बोलली जाते. संत्र्याचे बगीचे, कापूस आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमार ही या भागाची ओळख. बाहेरच्या वाचकाच्या नजरेतून सुटते ती मात्र इथली घरांची रचना. शेतातल्या घरापुढे एकच अंगण, आणि त्या अंगणात बैलजोडी, एखादी दुभती गाय, चार-दोन बकऱ्या, कोंबड्या, उंदरांसाठी ठेवलेली मांजर आणि या साऱ्यांच्या मधोमध कुत्रा. गोव्यात कुळागरातल्या घरामागची मंडळी आठवली, तर हे चित्र परके वाटणार नाही. फक्त संत्र्यांच्या जागी माडपोफळी येतील आणि ढेपेच्या जागी मासळीची डोकी.

या भागात कुत्रा पाळला जातो तो राखणीसाठी. रानडुकरे आणि रोही रात्री पिकात शिरतात, म्हणून शेतात जागल करावी लागते आणि जागलीला कुत्रा लागतो. अनोळखी माणूस बांधावर दिसताच जो भुंकतो, जो गोठ्याच्या दारात आडवा झोपतो, तो चांगला कुत्रा. तोच कुत्रा आपल्या भाकरीपुढे कोंबडी आली म्हणून दात दाखवतो, तेव्हा मात्र तो 'खुनशी' ठरतो आणि त्याच्या पाठीत काठी बसते. माणसाने हजारो वर्षे निवडून, जोपासून ज्या वृत्तीला वाढवले, ती वृत्ती कोठे वापरायची आणि कोठे नाही हे कुत्र्याला आपोआप कळावे, अशी ही अपेक्षा आहे. पिकाची राखण आणि पानाची राखण यांतला भेद माणसाच्या हिशोबातला. कुत्र्याच्या लेखी दोन्ही ठिकाणी हातची वस्तू दुसरा कोणी नेणार ही एकच भीती आहे.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक या वागण्याला 'रिसोर्स गार्डिंग' म्हणतात. मराठीत 'आपल्या वाट्याची राखण' म्हटले तर अर्थ पुरेसा पोहोचतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या जॅकलिन जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या संज्ञेची व्याख्या नेमकी करण्याचा प्रयत्न केला. माणूस किंवा दुसरा प्राणी जवळ असताना खाण्याची अथवा अन्य वस्तू आपल्याच ताब्यात राहावी म्हणून कुत्रा जे टाळण्याचे, धमकावण्याचे किंवा आक्रमक वर्तन करतो, ते सर्व या व्याख्येत येते. यातला 'टाळण्याचे' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. हाडूक तोंडात धरून खाटेखाली जाऊन बसणारा, दुसरा कुत्रा दिसताच भराभर गिळू लागणारा, भाकरीचा तुकडा संत्र्याच्या आळ्यात पुरून येणारा कुत्राही राखणच करत असतो. तो गुरगुरत नाही म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

वस्तू कोणतीही असू शकते. अन्न हे उघड कारण. त्यातही हाड, मांस, वासराच्या जन्मानंतर पडलेली वार, मांजरीच्या वाटीतले दूध. वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात रांजणाखालची ओली जमीन हीच सर्वांत मौल्यवान वस्तू ठरते, आणि एरवी शांत असलेला कुत्रा तेथे बकरीच्या पिल्लाला टिकू देत नाही. काही कुत्रे दार राखतात, काही पलंगाचा कोपरा. काही तर माणूसच राखतात. मालकिणीच्या मांडीवर मांजर चढली की मध्ये येऊन उभा राहणारा कुत्रा फार प्रेमळ आहे असे घरचे कौतुकाने सांगतात. कौतुक करण्यापूर्वी त्याचे अंग ताठ आहे की सैल, शेपटी कशी आहे आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो आहे का, हे पाहिलेले बरे.

वस्तूचे मोल कुत्रा ठरवतो आणि ते दिवसागणिक बदलते, हेही ध्यानात ठेवावे लागते. कोलकात्याच्या 'आयसर' या संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे रस्त्यावरील कुत्र्यांचा अभ्यास करीत आहेत. मनाबी पॉल आणि भद्र यांनी कुत्री व तिची वाढती पिल्ले यांच्यासमोर कधी बिस्किटे, कधी मांस ठेवून पाहिले. मांसासारखे पौष्टिक अन्न समोर आले, की आई स्वतःच्या पिल्लांशीही स्वार्थाने वागते, असे त्यांना आढळले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटच्या पिल्लांच्या बाबतीत जर अन्नाच्या प्रतीवरून वागणे बदलत असेल, तर शेजारच्या मांजरीशी कुत्र्याने उदार असावे असे मानण्याला आधार राहत नाही. वर्षभर कोंबड्यांना आपल्या थाळीतले दाणे टिपू देणारा कुत्रा पोळ्याच्या दिवशी एकाएकी अंगावर येतो, याचे कारणही यातच आहे. त्या दिवशी बैलांना पुरणपोळी चारली जाते, घरात तळणाचा आणि पुरणाचा वास भरलेला असतो, अंगणात पाहुणे व लहान मुले असतात आणि कुत्र्याच्या पानात रोजची कोरडी भाकर नसते. कुत्रा तोच असतो. राखण्यासारखी वस्तू मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यापुढे येते.

दोन कुत्र्यांमध्ये असा प्रसंग आला, तर बहुतेक वेळा तो काही क्षणांत मिटतो. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी लांडग्याच्या तोंडाभोवतीच्या एका अदृश्य 'मालकीच्या क्षेत्रा'चे वर्णन केले आहे. त्या क्षेत्रातले अन्न ज्याच्या तोंडाशी, त्याचे. तेथे दर्जाने खालचा लांडगाही वरच्याला हटकतो. कुत्र्यांतही हा नियम पुष्कळसा टिकून आहे. आधी अंग थिजते. चघळणे थांबते. मान पानावर झुकते, नजर तिरपी होते. मग ओठ वर जातो, मग गुरगुर, मग हवेत घेतलेला कोरडा चावा, आणि हे सारे वाया गेले तरच दात अंगात. दुसरा कुत्रा ही भाषा जाणतो. पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीलाच तो मान वळवतो, दूर जातो. पिल्लांना मोठी कुत्री काही महिने सवलत देतात, ती संपली की तेही शिकतात.

अडचण सुरू होते ती समोरचा प्राणी कुत्रा नसतो तेव्हा. कोंबडीला थिजलेल्या मानेचा अर्थ कळत नाही. बकरीला गुरगुर ऐकू येते, पण ती ढुशी देऊन उत्तर देते. वासरू तर कुतूहलाने आणखी जवळ नाक आणते. कुत्र्याच्या दृष्टीने त्याने चार वेळा स्पष्ट शब्दांत सांगितलेले असते आणि समोरच्याने चारही वेळा ते धुडकावलेले असते. मांजरीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिला कुत्र्याची भाषा अंदाजाने समजते आणि फिस्कारून तीही आपली सांगते. परंतु तिची खाण्याची रीत भांडणाला पोषक असते. कुत्रा पान एका दमात रिकामे करतो. मांजर दोन घास खाऊन निघून जाते, तासाभराने पुन्हा येते. मधल्या वेळात तिची वाटी बेवारस असते, वास मात्र दरवळत राहतो. कुत्रा त्या वाटीशी येऊन बसतो, ती आपली मानू लागतो, आणि खरी मालकीण परतते तेव्हा चोर ठरते.

येथे एक फरक करणे अत्यावश्यक आहे. कोंबडीमागे धावून तिला धरणारा कुत्रा राखण करत नसतो, ती शिकार असते. शिकारीत गुरगुर नसते, इशारा नसतो. नजर खिळते, अंग दबते आणि झेप पडते. राखणीत कुत्र्याला समोरचा प्राणी दूर जायला हवा असतो, शिकारीत तो हातात यायला हवा असतो. या दोहोंचे उपाय वेगळे आहेत. शिकारीची चटक लागलेल्या कुत्र्याला पान वेगळे वाढून काही साधत नाही. त्याच्या आणि कोंबड्यांच्या मध्ये जाळीच हवी. याउलट राखणीपोटी घेतलेला चावा बहुधा एकच असतो. तो कुत्र्याला लागला तर खरचटते, पण कोंबडीला किंवा मांजरीच्या पिल्लाला जिवानिशी नेतो. मारण्याचा हेतू नसतानाही जीव जातो आणि घरातली माणसे कुत्र्याला 'रक्ताची चटक लागली' असे म्हणून मोकळी होतात.

गुरगुर ही कुत्र्याची सभ्यता आहे

राखण करणाऱ्या कुत्र्याला गुरगुरल्याबद्दल मारणे ही घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती प्रायः सद्हेतूने होते. मूल जवळ होते, कुत्रा गुरगुरला, बापाने चपलेने हाणले. दोन-तीन वेळा असे झाले की कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि घरच्यांना वाटते, सुधारला. प्रत्यक्षात त्याची भीती तशीच राहिलेली असते. उलट आता पान जाण्याच्या भीतीत माराची भीती मिसळते. गेला तो फक्त इशारा. पुढच्या वेळी तो थेट चावतो आणि सगळे म्हणतात, 'काही कारण नसताना चावला.' कारण होते आणि सूचनाही होती. ती देणारी जीभ माणसानेच छाटली होती. गुरगुरणारा कुत्रा चावण्याचे टाळत असतो. गुरगुर ऐकू आली, तर समोरच्या प्राण्याला किंवा मुलाला शांतपणे दूर न्यावे, कुत्र्याला खाऊ द्यावे आणि पुढच्या जेवणाला मांडणी बदलावी. एवढेच त्या क्षणी करण्यासारखे असते.

दुसरी समजूत 'मालक कोण ते दाखवून देण्याची'. कुत्रा जेवत असताना मुद्दाम पानात हात घालायचा, पान ओढून घ्यायचे, त्याने निमूट सहन केले पाहिजे, असा सल्ला जाणकार म्हणवणारेही देतात. यामागे कळपातील 'अल्फा'ची कल्पना आहे. ती आली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातून. रुडॉल्फ शेंकेल यांनी तेथे बंदिस्त, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ मध्ये लेख लिहिला. मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर नेली, आणि पुढे मोकळ्या रानातील लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर मेक यांनीच १९९९ मध्ये तिला छेद दिला: रानातला कळप म्हणजे बहुतांशी आईबाप आणि त्यांची मुले, सत्तेसाठी झगडणारी टोळी नव्हे. कुत्र्याच्या बाबतीत तर हा तर्क आणखी दुबळा आहे. ग्वेल्फच्या अभ्यासातही जेवताना पान काढून घेण्याची सवय आणि माणसांशी आक्रमक राखण यांचा संबंध दिसला. त्याउलट जेवणाच्या वेळी पानात चविष्ट घास टाकणे आणि 'सोड' म्हणताच वस्तू सोडण्याची शिकवण यांचा संबंध राखण कमी असण्याशी आढळला. जेवताना ज्याचे ताट कोणी ना कोणी ओढते, तो ताटावर हात आडवा धरूनच जेवणार. यासाठी लांडग्यांचे शास्त्र वाचण्याचीही गरज नाही; वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे ठाऊक असते.

साखळीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिच्यावाचून अनेकांचे चालत नाही. शेतावरचा कुत्रा दिवसा बांधलेला आणि रात्री मोकळा, ही सर्रास पद्धत. बांधलेल्या कुत्र्याचे जग म्हणजे साखळीच्या लांबीचे एक वर्तुळ. त्याचे पान, पाणी, सावली सारे त्या वर्तुळात. कोंबड्या त्यात मोकळेपणी येतात-जातात, दाणे टिपतात; कुत्रा मात्र हाड घेऊन दूर जाऊ शकत नाही. टाळण्याची वाट बंद झाल्यावर धमकावणे आणि चावणे एवढेच त्याच्या हाती उरते. बांधणे भाग असेल, तर निदान ती जागा जनावरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नसावी आणि जेवण साखळी सोडून, वेगळ्या आडोशाला द्यावे.

मांडणी आधी, शिकवण नंतर

शहरातील पुस्तकी सल्ल्यात प्रशिक्षणावर फार भर असतो. एक कुत्रा आणि एक माणूस असेल, तेथे तो योग्यच. अनेक प्राण्यांच्या घरात मात्र मांडणीला पर्याय नाही, कारण कोंबडीला प्रशिक्षण देता येत नाही. मेंढ्यांच्या राखणीसाठी कुत्रे ठेवणाऱ्या देशांत हा धडा जुना आहे. पिल्लूपणापासून मेंढ्यांत वाढवलेला कुत्रा मेंढ्यांना आपले मानतो, त्यांच्यासाठी लांडग्याला सामोरा जातो. पण त्याच मेंढ्या त्याच्या पानात तोंड घालू लागल्या, की तंटा होतो. म्हणून कुत्र्याचे पान अशा कुंपणात ठेवतात, की कुत्रा आत जाईल आणि मेंढी जाणार नाही. इतक्या जिवाभावाच्या राखणदारालाही जेवणाच्या वेळी एकांत लागतो.

पांढुर्ण्याच्या अंगणात याचे रूप अगदी साधे असू शकते. कुत्र्याचे जेवण कोंबड्या खुराड्यात गेल्यावर, तिन्हीसांजेनंतर. जेवण संपताच थाळी उचलून धुऊन ठेवायची. रिकामी थाळीसुद्धा राखली जाते. मांजरीची वाटी ओट्यावर, कोनाड्यात, खिडकीच्या कठड्यावर, म्हणजे कुत्र्याची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर. दोन कुत्रे असतील तर दोन थाळ्या, मध्ये भिंत किंवा गोठ्याचा कोपरा, आणि दोघांचे संपेपर्यंत कोणी तरी तेथे उभे. दोघांच्या मध्ये एकच भाकर फेकून गंमत पाहण्याची सवय मोडायलाच हवी. त्यातून भांडण हाच जेवणाचा मार्ग असल्याचे दोघेही शिकतात. पिल्लांना एकाच परातीत वाढण्याबाबतही हेच. उन्हाळ्यात पाण्याची भांडी निदान दोन, एकमेकांपासून दूर, आणि ओल्या सावलीच्या जागाही दोन. गाय किंवा बकरी व्याली, की वार पडताच उचलून खोल पुरावी. ती कुत्र्याच्या तोंडी लागली, तर बाळंत जनावर आणि नवजात पिल्लू यांच्या शेजारीच राखण सुरू होते. सणावारी मटणाची हाडे अंगणात टाकू नयेत. पोळा, गोटमार, लग्नकार्य अशा गर्दीच्या दिवशी कुत्र्याला पाहुणे येण्याआधीच जेवू घालून शांत खोलीत किंवा मागच्या पडवीत ठेवणे हा कुत्र्याचा अपमान नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे काम एका अर्थी सोपे आहे: त्यांच्याकडे दारे आहेत. जेवणाच्या वेळी दार लावले, की अर्धा प्रश्न संपतो. त्यांचा पेच असतो सोफा, पलंग आणि माणसाची मांडी यांच्यावरून. तेथे जागा राखणाऱ्या कुत्र्याला मारून उतरवण्याऐवजी खाऊ दाखवून खाली बोलवावे आणि राखण चालू असेतो ती जागा सर्वांनाच बंद ठेवावी.

मांडणी बसल्यावर शिकवण. तिचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: दुसरा प्राणी दिसला की माझे जाते, या समजुतीच्या जागी दुसरा प्राणी दिसला की मला मिळते, ही समजूत रुजवायची. त्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने मांजरीला इतक्या दूर आणायचे, की कुत्र्याला ती दिसेल पण त्याचे अंग ताठणार नाही. ती दिसताच दुसऱ्याने कुत्र्यापुढे उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीचा लहान तुकडा टाकायचा. मांजर दृष्टीआड, की तुकडेही बंद. कुत्रा मांजर दिसताच वैतागण्याऐवजी माणसाकडे आशेने पाहू लागला, तर तत्त्व पोहोचले असे समजायचे आणि अंतर हातभर कमी करायचे. अंग ताठले, तर घाई झाली; मागे सरायचे. या काळात कुत्र्याच्या तोंडी हाड नसावे आणि तो पट्ट्याला बांधलेला असावा. हे दिवसाचे पाच मिनिटांचे काम आठवडेच्या आठवडे चालते. कंटाळवाणे आहे, यात शंका नाही. त्याच्या जोडीला 'सोड' ही आज्ञा अदलाबदलीने शिकवता येते: काठीच्या बदल्यात भाकरीचा तुकडा, भाकरीच्या बदल्यात अंडे, आणि शक्य तेव्हा सोडलेली वस्तू परत त्यालाच. सावकार घेतलेले परत देतो असा विश्वास बसला, की गहाण ठेवायला कोणी कचरत नाही.

मांडणी आणि शिकवण दोन्ही निष्फळ ठरावीत अशीही कारणे असतात, आणि ती शरीरात दडलेली असतात. कालपर्यंत न राखणारा कुत्रा आज अचानक राखू लागला, तर त्याला आधी पशुवैद्याकडे न्यावे. दातांचे किंवा कानाचे दुखणे, सांधेदुखी, पोटातील जंत, भूक वाढवणारी काही औषधे, म्हातारपणी मंदावलेली दृष्टी या सर्वांनी कुत्रा हळवा होतो. पुष्कळदा तर कारण याहून साधे असते: त्याला पोटभर मिळत नसते. रात्रभर जागल करणाऱ्या कुत्र्याला दिवसातून एकदा शिळी भाकर मिळत असेल, तर त्याच्या राखणीत मानसशास्त्र शोधण्यात अर्थ नाही.

रेबीजची शंका मात्र वेगळी ओळखावी. राखण करणाऱ्या कुत्र्याला निमित्त लागते. वस्तू दूर झाली की तो पूर्ववत होतो. रेबीज झालेला कुत्रा निमित्ताशिवाय चावतो, लाकूड-दगडांनाही चावतो, त्याचा आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळणे जमत नाही. कुत्र्यांचे व्यापक लसीकरण करून गोवा राज्य २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. देशाच्या बहुतेक इतर भागांत अजून असे म्हणता येत नाही, आणि गोव्यातही घरच्या कुत्र्यामांजरांची वार्षिक लस थांबवण्याचे ते कारण ठरत नाही. अंगणातला कुत्रा गल्लीतल्या कुत्र्यांत मिसळतोच. उरल्यासुरल्या अन्नाचा ढीग दारात पडून राहिला, तर तो राखायला गल्लीतले कुत्रेही येतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांना ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालण्याची सोय करण्यास सांगितले. त्यामागची इतर कारणे बाजूला ठेवली, तरी या लेखाच्या विषयापुरती ती सूचना रास्त वाटते.

भांडण जुंपलेच, तर मध्ये हात घालू नये. घरातील माणसांना होणाऱ्या जखमांपैकी बऱ्याच जखमा याच क्षणी होतात. बादलीभर पाणी, पत्र्याचा मोठा आवाज, किंवा दोघांच्या मध्ये सरकवलेली खाट, सूप, फळी यांचा उपयोग होतो. ओरडत सुटल्याने दोन्ही जनावरे अधिकच चेकाळतात. वेगळे झाल्यावर दोघांना निदान त्या दिवसापुरते दूर ठेवावे आणि दाट केसांखालच्या जखमा बोटांनी चाचपून पाहाव्यात. मांजरीच्या अंगावरचा दाताचा व्रण बाहेरून टाचणीएवढा दिसतो आणि आत पू धरतो.

माणसाला दात लागला असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल यांतले काहीही भरू नये. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठून लस सुरू करावी. जखम खोल असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यायचे रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही लागते. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, हे डॉक्टरांना सांगावे, पण ते सांगून उपचार टाळू नयेत. ज्या कुत्र्याने चावा घेतला, त्याला मारून टाकण्याची किंवा गाडीत घालून दूर सोडून येण्याची घाई अशा वेळी होते. त्याला दहा दिवस घरीच बांधून, खाऊपिऊ घालून निगराणीखाली ठेवावे लागते. त्या दहा दिवसांत तो धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे डॉक्टरांना म्हणता येते आणि लसीच्या पुढच्या मात्रांचा निर्णय त्यावरून घेता येतो. सोडून दिलेल्या कुत्र्याबाबत ते कोणालाच सांगता येत नाही.